डागाचं पाणी

पांडेसरा, सुरत
१२ जानेवारी १९९९

सुषमा वहिनी,

जयभीम. अक्षर ओळखून पत्र चुलीत घालशील, म्हणून कामाचं आधी लिहिते. काल सरलाबाई साड्यांचे गठ्ठे वाटत आमच्या गल्लीत आली होती. तिच्या तोंडून कळलं, की कामरेजला तू डागाचं काम घेतलंस. लूमवर साडीला तेलाचे डाग पडतात ते डब्यातल्या पाण्याने टिपून काढायचे, आपल्या घरी चालायचं तेच काम. सरलाबाई म्हणाली, "एकच खोली शे, पन बाई कामले पक्की. पोर तठेच खाले गोधडीवर झोपस."

वहिनी, ते काम बंद कर. आजच. डबा परत दे. परत देता येत नसेल तर दाराबाहेर लांब ठेव, आणि उत्पलाला त्या खोलीत जमिनीवर झोपवू नकोस. ते पाणी विषारी आहे. मी आता त्यातलंच शिकते, म्हणून मला कळतं.

पाच वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज एकदम हुकूम सोडते आहे, हे मलाही दिसतंय. दादा गेला, त्याच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तू दहा महिन्यांच्या उत्पलाला कडेवर घेऊन आमच्या घरातून गेलीस, त्यानंतर आमच्याकडून कुणी विचारपूससुद्धा केली नाही. तेव्हा रागाव, शिव्या दे, पण डबा बाहेर ठेव.

आईबाबा बरे आहेत. त्यांना हे पत्र माहीत नाही.

चैताली


पांडेसरा
२५ जानेवारी १९९९

वहिनी,

तुझा निरोप मिळाला. सरलाबाईला नाटकाची हौस आहेच. तिने गल्लीच्या मधोमध उभं राहून, चार बायांच्या देखत, तुझा आवाज काढून म्हणून दाखवलं, "तिले सांग, तुना एक शब्दमुये मनं घर मोडनं. आते काम बी मोडाले निंघनी का?"

बाया हसल्या नाहीत. मी खाली बघत राहिले.

बरोबर आहे तुझं. मागच्या पत्रात मी ताकाला गेले आणि भांडं लपवलं. कारण सांगितलं नाही. आता सांगते.

तू गेलीस तेव्हा माझी बारावी होती. आता मी विद्यापीठात एम.एस्सी.ला आहे, विषय जीवरसायनशास्त्र. डिसेंबरात आमचा उंदरांवरचा प्रयोग होता. बारा पांढरे उंदीर. सहांना नुसत्या तेलाची सुई द्यायची, सहांना त्याच तेलात एक द्रव मिसळून. सरांनी त्या द्रवाच्या बाटलीचं बूच काढलं आणि मी चार पावलं मागे जाऊन भिंतीला टेकले. तोच वास, वहिनी. गोडसर, नाकातून डोक्यात जाऊन बसणारा. बाटलीवर कार्बन टेट्राक्लोराइड असं नाव होतं. सर म्हणाले, "सूरत में इसको सीटीसी बोलते हैं. साड़ी के दाग निकालने में चलता है." आपल्या घरच्या डब्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. आपण त्याला डागाचं पाणी म्हणायचो.

ते काय करतं ते ऐक. आपल्या अंगातल्या प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पडदा असतो, चरबीचा, दोन पदरांचा. ही चरबी तुपासारखी थिजणारी नसते, बरीचशी गोडेतेलासारखी पातळ असते. म्हणून पडदा मऊ राहतो आणि पेशीत आतबाहेर ये-जा चालते. तेल पातळ राहतं, कारण त्याच्या साखळीत मध्येमध्ये दुहेरी बंध असतात आणि तिथे साखळी वाकते. पण त्या वाकणाशेजारचा हायड्रोजन सैल बसलेला असतो. तीच त्याची नाजूक जागा.

आता ते पाणी. वास नाकात गेला की ते रक्तात जातं आणि तिथून लिव्हरमध्ये. लिव्हर म्हणजे घरची थोरली सून, येईल ती घाण तिनेच निस्तरायची. लिव्हर त्या पाण्याचा एक तुकडा तोडतं आणि तिथेच घात होतो. उरलेला भाग मुक्त मूलक होतो, आमचे सर फ्री रॅडिकल म्हणतात. त्याचा एक इलेक्ट्रॉन जोडीवाचून राहतो आणि जोडी मिळेपर्यंत त्याला चैन पडत नाही. तो शेजारच्या चरबीतला सैल हायड्रोजन ओढून घेतो. त्याचं भागतं, पण चरबी अर्धवट होते. ती ऑक्सिजनला धरते आणि आपल्या शेजारणीचा हायड्रोजन ओढते, शेजारीण पुढचीचा. शिवाशिवीत ज्याला शिवलं त्याच्यावर राज्य येतं, तसं हे राज्य पुढे पुढे जात राहतं. फरक एवढाच, की इथे राज्य देऊन सुटलेलाही धड राहत नाही. डब्यात ठेवलेलं खोबरं खवट होतं ते याच रीतीने. पडदा खवट होतो, वहिनी. मग तो ताठरतो, फाटतो आणि पेशीतलं सगळं बाहेर सांडतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही उंदरांची लिव्हर काढून वाटली, त्यात औषध घालून नळ्या उकळत्या पाण्यात ठेवल्या. चरबी मोडली असेल तर नळीत गुलाबी रंग येतो. नुसत्या तेलाच्या सहा नळ्या जेमतेम रंगल्या. बाकीच्या सहा गुलाबी झाल्या, लग्नातल्या सरबतासारख्या. प्रयोग जमला म्हणून मुलींनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

त्या पाण्याची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, बंद खोलीत जमिनीला धरून बसते. आणि उत्पला जमिनीवर झोपते.

सरलाबाई म्हणते, पंधरा वर्षं वाटतेय, कुणाला काही झालं नाही. झालं नाही की कळलं नाही, हे तिला कुणी विचारलेलं नाही.

चैताली


पांडेसरा
९ फेब्रुवारी १९९९

वहिनी,

सरलाबाई सांगते, तू माझं पत्र वाचलंस, घडी करून ब्लाउजमध्ये ठेवलंस आणि पुढची साडी ओढलीस.

तुझ्या जागी मी असते तरी हेच केलं असतं. शास्त्र कितीही खरं असो, सांगतंय कोण? चैताली. तेव्हा उंदीर बाजूला ठेवते आणि माझ्या त्या शब्दाबद्दल लिहिते. दोन कागद फाडून हा तिसरा घेतला आहे.

दादा प्यायचा, हे तुला मी काय सांगू. डाईंग हाउसमधली रातपाळी, वर ती प्लास्टिकच्या पोटलीतली दारू. पण उत्पला झाली आणि महिन्याभराने वैशाख पौर्णिमेला विहारात त्याने सगळ्यांसमोर हात जोडून पाचवं शील मोठ्याने म्हटलं. म्हणून झाल्यावर वळून म्हणाला, "आतेपासून थेंब नही." लोक हसले होते, आठवतंय? तू हसली नव्हतीस.

पुढच्या फेब्रुवारीत त्याला ते सुरू झालं. दुपारी झोपून उठला की भिंत धरून चालायचा. जीभ जड, डोळे तांबारलेले, मळमळ. प्यालेला माणूस दिसतो तसा हुबेहूब. मग डोळे पिवळे झाले. आईने गावाहून काविळीची माळ आणवली आणि त्याच्या डोक्यावर ठेवली. माळ वाढत वाढत गळ्यात उतरली. आई म्हणाली, बघा, कावीळ उतरतेय. त्यात चार दिवस गेले. लघवी बंद होऊन अंगावर सूज आली तेव्हा आपण त्याला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, "दारू पीतो हतो?"

तू म्हणालीस, "नही. नऊ महिना झायात, शिवेल नही."

आईने तुझ्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "चैताली, तू दिवसभर घरमा ऱ्हास. वास येस का त्याना तोंडले?"

मी म्हणाले, "गोड वास येस."

वहिनी, खोटं नव्हतं ते. त्याच्या श्वासाला वास येत होता. ते पाणी अंगात गेलं की थोडं तसंच श्वासावाटे बाहेर पडतं, हे मला आता कळलंय. दारूचा वास कसा असतो हे मला त्या दिवशी नीटसं माहीतच नव्हतं. दादा प्यायचा तेव्हा बाहेरच पडून असायचा, मला त्याच्या जवळ कुणी जाऊ दिलं नव्हतं. मला विचारलं गेलं, सगळे माझ्याकडे बघत होते, मी शिकलेली होते. मला माहीत नाही असं म्हणायला मी लाजले.

डॉक्टरांनी कागदावर 'दारूची कावीळ' असे दोन शब्द लिहिले आणि पुढे कुणी काही विचारलं नाही. घरात कसलं काम चालतं, कसला डबा आहे, काही नाही. तीन दिवसांनी दादा गेला. लवकर कळलं असतं तर वाचला असता का, हे मी सरांना कुणाचं नाव न घेता विचारलं. ते म्हणाले, काही वाचतात. तेवढ्या दोन शब्दांनी माझी झोप गेली आहे.

पुण्यानुमोदनाला विहारातले थोरले हिलालबाबा उभे राहिले. शील मोडलं की काय होतं ते पोरांनो डोळ्यांनी पाहा, असं म्हणाले. तू उठून म्हणालीस, "ते पेत नव्हतात." हिलालबाबांनी सांगितलं, "सुषमा, खाले बैस." तू बसली नाहीस, पोरीला उचललंस आणि निघालीस. तुझ्या चपला दारातच राहिल्या. आईने त्या टाकल्या नाहीत आणि उचलूनही ठेवल्या नाहीत, महिनाभर तिथेच होत्या.

विहारात अजून दादाचं नाव घेतात. पोरगा प्यायला लागला की म्हणतात, धम्मरत्न होशील. दर रविवारी चार शीलं मी सगळ्यांबरोबर म्हणते, पाचव्याला नुसते ओठ हलवते. आणि तो वास येतो. विहारात, बसमध्ये, धुतलेल्या उशीला. लॅबमध्ये बाटलीला बूच घट्ट असतं तरी येतो. सर म्हणतात, भास आहे. असेल. भास आहे म्हणून तो थांबत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. दादा पीत नव्हता, हे माझे उंदीर सांगू शकत नाहीत. ते एवढंच सांगतात, की त्याला मारायला दारूची गरज नव्हती. तो पीत नव्हता हे फक्त तुला माहीत होतं, आणि तू ते सांगितलंही होतंस.

चैताली


पांडेसरा
२४ फेब्रुवारी १९९९

वहिनी,

परवाच्या रविवारी मी विहारात उभी राहिले. वंदना संपल्यावर म्हणाले, दादाने शील मोडलं नव्हतं, मी दवाखान्यात बोलले ते चुकीचं होतं, तो वास डागाच्या पाण्याचा होता. हिलालबाबांनी शांतपणे विचारलं, "पोरी, पुरावा काय?" मी उंदरांचं सांगायला लागले. मागच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. हिलालबाबा म्हणाले, "चैताली, खाले बैस." मी बसले. तू बसली नव्हतीस, मी बसले. घरी आल्यावर आई मोरीत जाऊन बराच वेळ भांडी घासत होती, घासलेलीच.

आईला मी काय सांगू? ते काम तिनेच घरी आणलं होतं, माझ्या कॉलेजसाठी. हे तिच्या लक्षात आलंय की नाही, मला कळत नाही, आणि विचारायचं धाडस नाही.

पण आज लिहायचं ते हे नाही. मागच्या पत्रात मी सगळं सांगितलं असं तुला वाटलं असेल. मलाही वाटून घ्यायचं होतं.

आपली ती खोली आठव. सकाळी तू आणि आई साड्या पुसायचात. दुपारी पोर रडून दादाची झोपमोड नको म्हणून तू उत्पलाला घेऊन शेजारी जायचीस. आई गठ्ठे द्यायला बाहेर पडायची. पुसलेल्या ओल्या साड्या दोरीवर, भिजलेल्या चिंध्या खाटेखाली घमेल्यात. दार बंद, साड्यांवर धूळ बसू नये म्हणून. खाटेवर मी आणि माझी पुस्तकं. दादा खाली, खाटेला लागून, घमेल्यापासून हातभर लांब. खाट त्याची होती. परीक्षेपुरती त्याने मला दिली होती.

खिडकी मी बंद करून घेतली होती. समोरच्या शेडमधले लूम दिवसभर खडखडायचे आणि माझं पाठांतर होत नव्हतं. माझं डोकं दुखायचं, दोनदा उलटी झाली. आई म्हणाली, परीक्षेचं टेन्शन. मी वर बसलेली म्हणून तेवढ्यावर भागलं.

एकदा दुपारी दादा उठून बसला. कपाळ धरून म्हणाला, "चैते, जरा खिडकी उघडू का? डोकं जड व्हई राहिनं."

मी पुस्तकातून वर न बघता म्हणाले, "नको ना दादा. पेपर होऊ दे मग उघड."

"बरं," म्हणाला आणि परत आडवा झाला.

एवढंच. हात उंच केला असता तर खिटी लागली असती त्याच्या हाताला. माझा पहिला पेपर त्या दुपारनंतर सोळा दिवसांनी होता. रसायनशास्त्रात मला शंभरात एक्क्याण्णव मिळाले.

आता लॅबमध्ये हवा ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटात ती बाटली उघडते, पंखा सुरू असतो, आणि मागून मला विचारणं ऐकू येतं, "उघडू का?" मागे कुणी नसतं. मी दर वेळी मोठ्याने "हो" म्हणते. मुली समजतात, मी अभ्यासाने भ्रमिष्ट झाले.

मला माफ कर असं लिहिणार नाही. तेवढी लाज शिल्लक आहे. फक्त उत्पलाला खाली झोपवू नकोस. माझ्या शब्दावर विश्वास ठेवायला तुला काही कारण नाही हे मला कळतं, म्हणून माझ्याविरुद्ध जे जे होतं ते सगळं तुझ्या हातात दिलंय. मागे काही ठेवलेलं नाही.

चैताली


कामरेज
५ मार्च १९९९

चैताली,

जयभीम. चारी पत्रं भेटली. मी सातवी शिकलेली, पण दोन दोनदा वाचून समजलं.

पहिलं पत्र आलं त्याच दिवशी डबा बाहेर ओट्यावर नेला आणि काम उघड्यावर करायला लागले. माझा राग पोरीच्या जिवापेक्षा मोठा नाही. सरलाबाईला मुद्दाम सांगितलं नाही. तुला थोडं जळू दिलं. तिसऱ्या पत्रानंतर डबा परत केला. आता साड्यांना फॉल लावते. उत्पलाची तब्येत चांगली आहे, डोळे पांढरे स्वच्छ आहेत, रोज सकाळी उजेडात नेऊन बघते.

तुझ्या उंदरांचं वाचलं. बारा उंदरांनी सांगितलं ते तू ऐकलंस. मी त्यांची बायको होते, रोज त्यांच्या उशाशी होते. मी दवाखान्यात सांगितलं, विहारात उभी राहून सांगितलं. मला काय उंदराएवढी पण किंमत नव्हती का गं? हे लिहून टाकते, परत विचारणार नाही.

खिडकीचं मला तेव्हाच माहीत होतं. मी त्यांना म्हटलं होतं, डोकं दुखतं तर खिडकी उघडी ठेवून झोपत जा. ते म्हणाले, "चैतीनी परीक्षा होऊ दे. तिले काही बोलू नको." म्हणून बोलले नाही. त्या पाण्याचं मला कुठे माहीत होतं. माहीत असतं तर मी तुला खाटेवरून ओढून काढलं असतं आणि त्यांना वर घातलं असतं. तुझं बारावीचं काय व्हायचं ते झालं असतं.

आता ऐक. उत्पला शाळेत जाते. आपल्याच समाजातल्या कुणीतरी तिला सांगितलं, तुझा बाप पिऊन मेला. मी म्हटलं, नाही बेटा. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली, तुझी आई बघायची तशी.

मी सांगून तिला पटणार नाही. तिला तू सांग. सगळं सांग, खिडकीसकट. उंदीर वगैरे राहू दे, सहा वर्षांची आहे ती. रविवारी दुपारी ये. मी घरी थांबणार नाही, शेजारी उषाबाईकडे बसेन. पाणी उत्पला देईल.

तुझं सांगून झालं, की तिला मला बोलवायला पाठव. तिच्या तोंडाकडे बघून मला कळेल, तू खरं सांगितलंस का ते.

सुषमा